चैत्रातला आडवा चंद्र

उज्जैनच्या रामघाटावर पायऱ्यांवर बसलं की तोंड आपोआप पश्चिमेकडे होतं. शहर पाठीशी राहतं, समोर क्षिप्रा आणि पलीकडे दत्त आखाड्याचा काठ. त्यामुळे शुद्ध पक्षाच्या आरंभीची कोर संध्याकाळच्या आरतीच्या सुमारास पलीकडच्या काठावर दिसते आणि थोड्याच वेळात मावळते. अष्टमीचा अर्धा चंद्र त्याच वेळी माथ्यावर आलेला असतो, तर पौर्णिमेचा चंद्र पाठीमागून, हरसिद्धीच्या आणि जुन्या शहराच्या बाजूनं वर चढतो. म्हणजे एकाच पायरीवर, एकाच घटकेला, पंधरा दिवसांत चंद्र समोरून माथ्यावरून मागे जातो. घाटावर नेहमी येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे हे सगळं घडत असतं, पण कुणी विचारलं नाही तर ते त्याच्या ध्यानात येत नाही. मोठ्यांच्याही येत नाही. लहान मुलांना चंद्राच्या गोष्टी सांगाव्यात आणि चंद्राची चित्रं काढू द्यावीत, त्यातून त्यांची कल्पनाशक्ती वाढते, हे आता पालकांना आणि शिक्षकांना पटवून द्यावं लागत नाही. पटवून द्यायचं आहे ते दुसरंच. गोष्ट आणि चित्र यांच्या आधी पाहणं हवं, आणि पाहिलेलं मनात मुरायला अवधी हवा. या पुस्तिकेतला प्रत्येक उपक्रम त्या एका विचारावर उभा आहे, म्हणून त्या विचाराची बाजू इथं सविस्तर मांडतो.

बालवाडीतल्या कुठल्याही चित्रकला स्पर्धेचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा. विषय ‘चांदोमामा’ असेल तर बहुतेक कागदांवर एकच चंद्र सापडतो: पिवळा, उभा, अर्धवर्तुळाकार, नाक आणि मिटलेला डोळा असलेला, कधी डोक्यावर टोपी घातलेला, आणि दोन टोकांच्या मधल्या पोकळीत एक चांदणी. ही चांदणी आकाशात तिथं असूच शकत नाही, कारण ती पोकळी रिकामी नसते. तिथं चंद्राचाच काळोखा भाग असतो. हे चित्र मुलानं कल्पनेनं काढलं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ते पाठ्यपुस्तकातून, वाढदिवसाच्या कार्डावरून, मोबाइलमधल्या कार्टूनमधून उचललेलं असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी 1930 मध्ये बालपणीच्या कल्पनाशक्तीवर एक निबंध लिहिला. मुलाची कल्पना मोठ्यांपेक्षा समृद्ध असते, हा आपला लाडका समज त्यांनी त्यात खोडून काढला. कल्पना शून्यातून काही घडवत नाही, अनुभवातले तुकडे घेऊन ती त्यांची नवी जुळणी करते, आणि मुलाकडे तुकडेच कमी असल्यामुळे त्याची कल्पना मोठ्यांच्या मानानं तोकडी असते, असं त्यांचं म्हणणं होतं. हे ऐकायला कठोर वाटतं, पण माझ्या मते शिक्षकाला याहून आशादायक दुसरं काही सांगता येणार नाही. कल्पनाशक्ती ही जन्माला येतानाच काहींना मिळालेली देणगी असती तर आपल्या हातात काही उरलं नसतं. ती अनुभवावर पोसली जात असेल, तर मुलाला अनुभव देणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

आता त्या उभ्या चंद्राकडेच जरा जवळून पाहू. उज्जैन कर्कवृत्ताला अगदी लागून आहे. सूर्य आणि चंद्र आकाशात ज्या वाटेनं फिरताना दिसतात, ती वाट चैत्राच्या सुमारास, सूर्यास्ताच्या वेळी, या अक्षांशावर पश्चिम क्षितिजातून जवळजवळ सरळ उभी वर येते. त्यामुळे मावळलेला सूर्य कोवळ्या चंद्राच्या बरोबर खाली असतो, आणि चंद्राची खालची कड उजळते. गुढीपाडव्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी रामघाटावरून पाहिलं तर कोर नावेसारखी आडवी पडलेली दिसते, दोन्ही टोकं आकाशाकडे. आश्विनात तीच वाट डावीकडे कलते आणि कोरही कलून अर्धी उभी राहते. युरोपातल्या वरच्या अक्षांशांवर ती याहूनही उभी दिसते, म्हणून तिकडच्या चित्रकारांनी मुलांच्या पुस्तकांत उभा चंद्र काढला, आणि तो त्यांच्या आकाशाशी इमान राखूनच काढला. आपण मात्र तो तसाच उचलला. गंमत म्हणजे आपल्याकडच्या मूर्तिकारांनी, कॅलेंडरवरच्या शंकराच्या चित्रकारांनी आणि महाकालाचा शृंगार करणाऱ्या पुजाऱ्यांनी शिवाच्या माथ्यावर कोर आडवीच ठेवली आहे. उज्जैनचं मूल सकाळी महाकालाच्या माथ्यावर आडवा चंद्र पाहतं, चैत्रात घाटावरही आडवाच पाहतं, आणि शाळेत जाऊन उभा काढतं. तो उभा चंद्र पाहून बाई शाबासकी देतात. मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास इथं पहिल्यांदा डळमळतो, आणि ते नुकसान मला साध्या चुकीपेक्षा मोठं वाटतं.

पाहण्याचा आग्रह धरला की कल्पनेचे पंख कापले जातील, मुलं वेधशाळेतल्या कारकुनासारखी नोंदी करू लागतील, असा आक्षेप लगेच येतो. त्याचं उत्तर उज्जैनच्याच साहित्यात आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात विदर्भराजाची बहीण इंदुमती हिचं स्वयंवर आहे. सुनंदा तिला एकेका राजाची ओळख करून देते. अवंतीच्या, म्हणजे उज्जैनच्या, राजापाशी आल्यावर कालिदास तिच्या तोंडून असं सांगतो की हा राजा चंद्रमौळी महाकालाच्या शेजारी राहतो, त्यामुळे त्याला कृष्ण पक्षातल्या संध्याकाळीही चांदणं मिळतं. देवळातल्या देवाच्या माथ्यावरची कोर सगळ्या नगराला उजेड पुरवते, ही कल्पना किती देखणी आहे! पण ती सुचायला आधी काय ठाऊक असावं लागतं? कृष्ण पक्षात संध्याकाळी चंद्र नसतो, तो उशिरा उगवतो, म्हणून तिन्हीसांजेला अंधार असतो, हे. ज्यानं हे कधी लक्षात घेतलं नाही त्याला ही कल्पना सुचणार नाही, आणि सांगितली तरी तिच्यातली गोडी कळणार नाही. पंचतंत्रातल्या सशाच्या गोष्टीतही हेच आहे. हत्तींचा कळप तळ्यावर येऊन सशांना तुडवतो, तेव्हा एक ससा गजराजाला रात्री तळ्याकाठी नेऊन पाण्यातला चंद्र दाखवतो आणि चंद्रदेव रागावले आहेत असं पटवतो. हत्तीची सोंड पाण्याला लागते, प्रतिबिंब थरथरतं, आणि हत्तीला तो राग खरा वाटतो. ही सगळी गोष्ट पाणी हललं की चंद्र हलतो एवढ्या निरीक्षणावर तोललेली आहे. रामघाटाच्या खालच्या पायरीवर, मोठ्या माणसाचा हात धरून, मुलानं पाण्यात बोट बुडवून हे एकदा पाहिलं असेल तर ती गोष्ट ऐकताना हत्ती फसणार हे त्याला आधीच कळतं आणि त्याचा चेहरा फुलतो. ज्यानं पाहिलं नाही, त्याला गोष्टीच्या शेवटी सशाची हुशारी समजावून सांगावी लागते.

गोष्ट कशी सांगावी याबद्दलही हे शहर काही शिकवतं. विक्रम आणि वेताळाच्या कथा आपण उज्जैनच्या विक्रमादित्याशी जोडतो. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात मात्र हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे, आणि त्याचं नाव त्रिविक्रमसेन. मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना या कथा भेटल्या त्या ‘चांदोबा’ मासिकातून. मद्रासहून 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक 1952 मध्ये मराठीत आलं, आणि शंकर या नावानं चित्रं काढणारे के. सी. शिवशंकरन यांचा तो खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा वाचकांच्या मनात कायमचा बसला. या कथांची बांधणी पाहा. वेताळ प्रत्येक गोष्ट सांगून झाल्यावर एक प्रश्न टाकतो आणि उत्तर राजाकडून घेतो. गोष्टीचं तात्पर्य तो स्वतः सांगत नाही. लहान मुलांना चंद्राची गोष्ट सांगताना आपण बरोबर उलट करतो: गोष्ट संपताच तात्पर्य चिकटवतो, आणि ऐकणाऱ्याला बोलायची जागाच ठेवत नाही. गणपतीला हसला म्हणून चंद्राला शाप मिळाला, म्हणून कुणाला हसू नये. संपलं. त्याऐवजी शाप मिळाल्यावर चंद्र त्या रात्री कुठं लपला असेल, एवढं विचारून थांबावं. उत्तरं येतील: ढगात, विहिरीत, आजीच्या पिठाच्या डब्यात. त्यातल्या प्रत्येक उत्तराचं एक चित्र होऊ शकतं. तात्पर्याचं चित्र काढता येत नाही. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला तर आळ येतो, हे सांगून मुलांना आकाशाकडे बघायचं भय घालू नये, असंही मला स्पष्ट वाटतं. दर महिन्याच्या संकष्टीला आपल्याच घरांत चंद्रोदयाची वाट पाहिली जाते, मुलांना गच्चीवर पिटाळलं जातं, ‘दिसला का रे?’ म्हणून विचारलं जातं. मराठी घरातली ही महिन्याची रीत चंद्र बघायला शिकवणारी आहे. तिचा उपयोग करून घ्यावा.

सर्वांत गंभीर आक्षेप खरेपणाचा आहे. चंद्र हा खडकाचा गोळा आहे, 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 त्यावर उतरलेलं मुलांनी टीव्हीवर पाहिलं आहे, आणि तरीही आपण त्यांना मामा, ससा, राहू यांच्या गोष्टी सांगायच्या, ही वैज्ञानिक दृष्टीशी प्रतारणा नाही का? हा प्रश्न विचारणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण त्यांचं निदान चुकतं असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1926 च्या आपल्या ग्रंथात मुलांशी केलेल्या संभाषणांतून दाखवलं की लहान मुलं चंद्र आपल्याबरोबर चालतो असं मानतात. हे त्यांना कुठल्या गोष्टीनं शिकवलेलं नसतं. ती स्वतः चालतात, चंद्र मागे पडत नाही, आणि त्यावरून ती निष्कर्ष काढतात. निष्कर्ष चुकीचा आहे, विचार मात्र मुलाचा स्वतःचा आहे. घाटावर याची पुढची पायरी सहज घेता येते. एका मुलाला उत्तरेकडे आणि एकाला दक्षिणेकडे चालायला सांगायचं, आणि परत आल्यावर चंद्र कुणाबरोबर गेला ते विचारायचं. दोघंही ‘माझ्याबरोबर’ म्हणतात, मग वाद होतो, आणि त्या वादात कल्पना आणि चिकित्सा एकाच वेळी काम करतात. मोठ्यानं मध्ये पडून उत्तर देण्याची घाई करू नये. ज्योतिर्विद वराहमिहिर याच अवंतीचा. त्याच्या बृहत्संहितेत चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे होतं हे स्वच्छ सांगितलं आहे, आणि राहूबद्दल लोक काय म्हणतात तेही त्याच प्रकरणात नोंदवलं आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यानं त्याच्या गणिताला बाधा आली नाही. मुलांनाही दोन आवाज ओळखता येतात, फक्त मोठ्यांनी ते मिसळू नयेत. ‘गोष्टीत असं आहे’ आणि ‘आपण पाहिलं ते असं आहे’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवली की बहुतेक काम होतं.

उलट, नुसती माहिती देणाऱ्यांना मी एक गोष्ट विचारीन. श्रावणात दर सोमवारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, शहरातून निघून रामघाटावर येते, क्षिप्रेच्या पाण्यानं पूजा होते. मालव्यातल्या पंचांगाचा महिना पौर्णिमेला संपतो, मराठी पंचांगाचा अमावास्येला. म्हणून शेजारच्या हिंदीभाषक घरात श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि आधीच संपतो. पण सवारी त्यांचा श्रावण संपल्यावरही, त्यांच्या भाद्रपदाच्या कृष्ण पक्षात चालू राहते, कारण मराठी श्रावण अजून चालू असतो. राणोजी शिंद्यांच्या दिवाणानं, रामचंद्रबाबांनी, अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ नव्यानं बांधलं, तेव्हापासूनचा मराठी संसार या शहराच्या पूजाअर्चेत असा मुरलेला आहे. आता उज्जैनच्या मराठी घरातलं सहा वर्षांचं मूल विचारतं, ‘त्यांचा श्रावण संपला, आपला का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून वाचून दाखवता येईल. पण ज्या मुलानं महिनाभर चंद्राची चित्रं काढली आहेत त्याच्यासमोर ती चित्रं ओळीनं मांडून, ‘तू महिना कुठून सुरू करशील?’ असं विचारता येतं. दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात, आणि महिना ही माणसानं आकाशावर मारलेली रेघ आहे हे त्याला हातानं कळतं.

हातानं कळणं ही चित्राची ताकद आहे. 1609 मध्ये इंग्लंडात थॉमस हॅरियट यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं रेखाटन केलं. उजेड-अंधाराची रेघ त्यांना वाकडीतिकडी दिसली, ती त्यांनी तशी काढली, आणि तिथंच थांबले. काही महिन्यांनी गॅलिलिओनं अधिक ताकदीच्या दुर्बिणीतून तेच पाहिलं. त्याला छायाप्रकाशाच्या रेखाटनाची जाण होती, त्यामुळे त्या वाकड्या रेघेत त्याला डोंगरांच्या सावल्या ओळखू आल्या, आणि 1610 मध्ये छापलेल्या त्याच्या चंद्रचित्रांनी चंद्र गुळगुळीत असल्याची जुनी समजूत मोडली. भिंग दोघांकडे होतं, चित्रकाराचा डोळा एकाकडे. लहान मुलाकडून आपण शोधाची अपेक्षा करत नाही. पण कागदावर काढताना जे विचारावं लागतं ते नुसतं पाहताना सुचत नाही, हे त्याच्याही बाबतीत खरं आहे. पांढऱ्या कागदावर चंद्र काढायचा तर चंद्र सोडून बाकी सगळं रंगवावं लागतं, ही अडचण चार-पाच वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा येते तेव्हा त्याचा हात थबकतो. तिथं पिवळा रंग पुढे करून त्याची सुटका करू नका. पाटी आणि खडू द्या, कारण पाटी आधीच रात्र असते. किंवा मेणाच्या पांढऱ्या खडूनं, दाब देऊन, कागदावर कोर काढायला सांगा. ती दिसत नाही, मूल साशंक होतं. मग ओल्या कुंचल्यानं वरून पातळ निळा रंग फिरवू द्या. मेण लागलेल्या जागी पाणी धरत नाही, रंग कडेला ओघळतो, आणि कोर उमटते. पुढच्या वेळी मूल खडू हलक्या हातानं फिरवून पाहतं, आणि रंग अर्धवट धरतो. ती मंद निळसर जागा म्हणजे तृतीयेच्या चंद्राच्या पोकळीत दिसणारा अंधुक उजेड. तो पृथ्वीवरून परतलेला प्रकाश आहे, हे लिओनार्दो दा विंचीनं, म्हणजे पुन्हा एका चित्रकारानं, आपल्या वहीत मांडलं होतं. मुलाला हे सांगायची गरज नाही. त्याच्या कागदावर ती जागा आली की पुढच्या तृतीयेला ते आकाशात तिला शोधतं.

छापील बाह्यरेषेत रंग भरायला देणाऱ्या वह्यांबद्दल कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्येच इशारा दिला होता. तयार रेषा मुलाला स्वतःच्या रेषेवर अविश्वास ठेवायला शिकवते, असा त्याचा आशय. आपल्याकडे अशा वह्यांचे गठ्ठे आजही बालवाड्यांत जातात. त्यांच्या सोयीचं कारण मला कळतं. चाळीस मुलं आणि एक बाई असतील तर शांतता हवी असते. तरी चंद्रापुरतं म्हणायचं तर सोय ही सबब टिकत नाही, कारण चंद्राची बाह्यरेषा प्रत्येक मुलाला येते. तेवढ्यासाठी छापील वही कशाला?

चित्रातला चंद्र गोडच असला पाहिजे, या आग्रहाविषयीही बोललं पाहिजे. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध यांचं काही शिक्षण उज्जैनमध्ये झालं. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतले कवी. गजाननरावांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह 1964 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी आला, ‘चाँद का मुँह टेढ़ा है’. त्यातला चंद्र भीतिदायक आहे, शहरावर पाळत ठेवणारा आहे. क्षिप्राकाठच्या या गावात वाढलेल्या माणसाच्या मनात चंद्राचं असंही रूप तयार होऊ शकतं, याची मला आठवण ठेवावीशी वाटते. मुलांनाही कधी चंद्राची भीती वाटते. तो खिडकीतून बघतो म्हणतात. त्यांनी दातांचा चंद्र काढला, काळा काढला, फाटलेला काढला, तर लगेच ‘असा असतो का चांदोबा?’ म्हणून खोडरबर पुढे करू नये. आधी पाहण्याचा आग्रह आणि नंतर काय काढावं याची मोकळीक यांत विसंगती नाही. पाहून झाल्यावर मुलानं चंद्राचं काय करायचं, हे मुलानंच ठरवायचं असतं.

यासाठी खास प्रशिक्षण लागतं का? पाहण्याच्या सवयीचं एक ठसठशीत उदाहरण उज्जैनमध्ये होऊन गेलं. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेले विष्णु श्रीधर वाकणकर चित्रकार होते आणि पुरातत्त्वज्ञही. 1957 मध्ये रेल्वेतून जाताना दिसलेल्या खडकांचा माग काढत ते भीमबेटक्याला पोहोचले, आणि हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी गुहांच्या भिंतींवर काढलेली चित्रं जगापुढे आली. चित्रकाराची पाहण्याची सवय नसती तर ते खडक खिडकीबाहेर निघून गेले असते. वाकणकरांनी उज्जैनमध्ये मुलांना चित्रकलाही शिकवली. बालशिक्षणात आपल्याकडे ताराबाई मोडकांचं काम आहे. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून त्या महाराष्ट्रात परतल्या, बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेऊन बसवली, आणि शिकवण्याची साधनं आसपासच्या माती-पानांतून उभी केली. अंगणात शाळा भरू शकते तर घाटावरही भरू शकते, आणि आजी-आजोबा तिचे शिक्षक होऊ शकतात. लागतं ते थोडं थांबून बघणं. ते प्रशिक्षणानं येत नाही, नेमानं येतं.

राहिलेल्या आक्षेपांना थोडक्यात उत्तरं देतो. शहराचे दिवे वाढले, आकाश दिसत नाही, हे खरं आहे. तारे बुजले आहेत, पण चंद्र बुजत नाही. म्हणूनच शहरी मुलासाठी आकाशाची सुरुवात चंद्रापासून करावी. मोबाइलवर सांगाल तसा चंद्र क्षणात तयार होऊन मिळतो, मग कागद कशाला? तो चंद्र दुसऱ्यांनी काढलेल्या असंख्य चंद्रांची बेरीज असतो, त्यात त्या मुलाची संध्याकाळ नसते. घाट हिंदूंचा आहे, मग इतर मुलांचं काय? रमजानचा महिना ज्या कोरीनं सुरू होतो आणि ईद ज्या कोरीनं ठरते, ती याच पश्चिमेला, याच घटकेला शोधतात. चंद्र पाहण्याची कसोशी ज्या घरांत आजही जिवंत आहे, त्यांत मुस्लिम घरं आघाडीवर आहेत, आणि या उपक्रमात त्यांची मुलं शेजारी बसली तर बाकीच्यांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. गर्दीच्या दिवशी, सवारीच्या किंवा सोमवती अमावास्येच्या वेळी, मुलांना घाटावर आणू नये. पायऱ्या निसरड्या असतात. इतर दिवशीही वरच्या पायऱ्यांवर बसावं.

परगावी आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनाही या खेळात घेता येईल. एकाच दिवशी उज्जैनमधल्या नातवंडानं, लंडनमधल्या मावसभावंडानं आणि सिडनीतल्या आतेभावंडानं आपापल्या संध्याकाळची कोर काढावी आणि व्हिडिओ कॉलवर कागद समोरासमोर धरावेत. चैत्रात उज्जैनची आडवी, लंडनची उजवीकडे कललेली, सिडनीची डावीकडून उजळलेली. कोण चुकलं यावर भांडण होईल, आणि कुणीच चुकलेलं नसेल. पृथ्वी गोल आहे हे मुलाला पाठ असतं. आपण त्या गोलावर कुठं उभे आहोत हे अशा भांडणातून कळतं.

एवढं करताना एक शिस्त मात्र पाळावी. प्रत्येक चित्राच्या मागे तिथी, वेळ, आणि चित्र काढताना मूल जे बोललं ते, त्याच्याच शब्दांत, मोठ्यांनी लिहून ठेवावं. बक्षीस, क्रमांक, चांगलं-वाईट काही लिहू नये. चित्रं भिंतीवर लावण्यापेक्षा एका फायलीत तिथीनं रचून ठेवावीत. साधारण दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो. तेव्हा ज्या मुलाकडे ही फाईल आहे ते पानं मोजून विचारतं की या वर्षी तेरा पौर्णिमा कशा झाल्या. त्याचं उत्तर गोष्टीनंही देता येतं, अधिकमासाच्या कथा पुष्कळ आहेत. पण तोवर मूल आठ-नऊ वर्षांचं झालेलं असेल तर त्याला दक्षिणेकडच्या वेधशाळेत न्यावं. सवाई जयसिंहानं बांधलेली ही यंत्रं मोडकळीला आली होती. माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये त्यांची दुरुस्ती करवली, आणि गोविंद सदाशिव आपटे तिथले पहिले अधीक्षक झाले. ग्रहांची रोजची स्थिती देणारं पंचांग ही वेधशाळा 1942 पासून दरवर्षी छापते. मुलानं आपली फाईल तिथं बरोबर न्यावी, आणि आपण काढलेल्या एखाद्या तृतीयेचं पान त्या पंचांगातल्या त्याच दिवसाच्या आकड्यांशी ताडून पाहावं.